जंताची भावकी

जंतांशी माझं काही वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या कॉलनीत अजूनही असं समजतात की होवाळसाहेबांनी म्हातारपणी जंतांचा नाद लावून घेतला आणि त्यापायी शेजारच्या सयाजीरावांच्या पोराची सोयरीक मोडता मोडता राहिली. नाद वगैरे काही नव्हता हो. मला फक्त माझ्या मुलीशी फोनवर बोलायचं होतं.

आता मुलीशी बोलायला जंत कशाला लागतात, असं कुणीही विचारील. माझी आम्रपाली इंग्लंडात असते आणि तिथं ती जंतांवर संशोधन करते. आपल्या पोटातले नव्हेत, मातीत राहणारे, छापील स्वल्पविरामाएवढे. ही गोष्ट मी सयाजीरावांच्या सुलाबाईंना पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. "आवं भाऊ, एवढं शिकवून पोरीला जंतच बघाय लावायचं हुतं, तर हितं काय कमी हायती व्हय?" दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोन आया आपापली पोरं घेऊन माझ्या दारात हजर. पोरगं झोपेत दात खातंय, तुमच्या आम्रपालीला विचारून औषध सांगा म्हणाल्या. मी इस्लामपुरातून पाटबंधारे खात्याचा वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाण्याच्या पाळ्या कुणाला कधी मिळणार ते सांगू शकतो, पण पोराच्या दाताचं काय सांगणार? कडुलिंबाचा पाला द्या म्हणालो. त्या गेल्या, आणि माझी कीर्ती वाढली.

तर फोन. आमच्या घरात फोन बनाबाईचा होता. म्हणजे बिल माझ्या नावावर यायचं, पण बोलायचं तिनं. रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला घंटा वाजली की बनाबाई हात पुसत यायची आणि मायलेकी काय बोलायच्या कुणास ठाऊक, पण संपायचंच नाही. शेवटी शेवटी रिसीव्हर माझ्याकडे यायचा. मी विचारायचो, "बरी आहेस ना? जेवलीस का?" ती हो म्हणायची. बापाचं कर्तव्य झालं म्हणून मी पुन्हा पेपर उघडायचो.

मग बनाबाई गेली. फोन माझ्या वाट्याला आला.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"पाऊस आहे का आबा?"

"नाही."

यानंतर लाइनीची ती खरखर. पार इंग्लंडहून आलेली खरखर कानाला लावून मी बसायचो आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. माणूस आयुष्यभर मसुदे लिहितो आणि पोटच्या पोरीशी दोन वाक्यं जोडता येत नाहीत, याची लाज वाटायची. पण तरीही रविवार उजाडला की मी सकाळपासून दाढीबिढी करून फोनजवळ बसायचो. आठवड्यात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. सुलाबाई बोलायच्या, पण त्यांचं बोलणं सल्ल्याच्या खात्यात जमा होतं.

एका रविवारी आम्रपाली म्हणाली, "आबा, तुम्ही उगीच दर रविवारी अडकून पडता. त्यापेक्षा महिन्यातून एकदा करू का फोन? पहिल्या रविवारी?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

‘हरकत नाही’ हे दोन शब्द मी खात्यात इतक्या फायलींवर लिहिलेत की ते आपोआप बाहेर पडतात. हरकत होती. चांगली मोठी हरकत होती. पण तोवर तिनं फोन ठेवला होता.

संध्याकाळी ओट्यावर एका माणसाचा भात शिजत होता, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोष पोरीचा नाही. तिला जंताशिवाय दुसरं काही दिसत नाही आणि मला जंतातलं काही कळत नाही, मग बोलायचं कशावर? तर जंत समजून घ्यायचा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिनं ‘ठेवू का’ म्हणायच्या आत तिला एक असा प्रश्न विचारायचा की तिनं खुर्ची ओढून बसलं पाहिजे. तिनंच एकदा सांगितलं होतं की प्रत्येक जिवाच्या आत चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो, आणि या जंताचा तो मजकूर नुकताच जवळपास सगळा वाचून झालाय. "इंटरनेटवर ठेवलाय आबा. कुणीही बघू शकतं." कुणीही म्हणजे त्यात मी आलोच की.

इंटरनेटचं कनेक्शन मागायला मी टेलिफोनच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" खोटं बोलायची सवय नाही. म्हणालो, "जंत पाहण्यासाठी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग हे आमच्याकडं येत नाही. आरोग्य खात्याचा ना-हरकत आणा." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला त्यांचं कौतुक वाटलं. समोरच्या माणसाला एका वाक्यात दुसऱ्या इमारतीत पाठवणं ही कला आहे आणि ती हल्ली दुर्मीळ होत चाललीय. आरोग्य केंद्रात मी माझा विषय नीट मांडला. डॉक्टरीणबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मला दोन गोळ्या दिल्या. एक आज घ्या, एक पंधरा दिवसांनी, नखं कापत जा. मी घेतल्या. सरकारी औषध वाया कशाला घालवा.

शेवटी कळलं की सांगलीत एसटी स्टँडमागं लालासाहेब नावाच्या एका माजी फौजी माणसानं इंटरनेटचं दुकान काढलंय. लालासाहेब फौजेत सिग्नलला हवालदार होते आणि ते अजूनही तिथंच आहेत अशी त्यांची समजूत होती. इंटरनेट जोडायला लागलं की ते गिऱ्हाइकाला ओरडायचे, "लाइन लग रही है! हलू नका!" मग मोडेमची किरकिर सुरू व्हायची आणि आम्ही सगळे सावधानमध्ये बसायचो. लाइन तुटली की, "जैसे थे!" असा हुकूम व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

पान वरून खाली बोटबोटभर उघडत आलं. आधी एक निळी पट्टी. मग नुसती अक्षरं, ए, सी, जी, टी, ओळीच्या ओळी, कुठं पूर्णविराम नाही. एवढा मोठा मजकूर आणि परिच्छेद पाडलेला नाही हे पाहून माझ्यातल्या लिपिकाला वाईट वाटलं. आम्रपालीच्या प्रयोगशाळेचं पान शोधायला तर तीन खेपा लागल्या. तिथं जंताच्या मजकुरातला एक छोटा तुकडा वेगळा काढून ठेवला होता आणि त्याखाली, तो कुणी अभ्यासला त्यांच्या नावांत, लिहिलेलं होतं: ए. डी. होवाळ.

डी म्हणजे धनाजी. डी म्हणजे मी. काही न करता, घरात पेपर वाचत बसलेला मी, एका अक्षरापुरता का होईना, तिच्याबरोबर तिथं जाऊन बसलो होतो. लालासाहेब म्हणाले, "साहेब, डोळ्यांत पाणी? स्क्रीन जास्ती बघू नका." मी म्हणालो, हो, स्क्रीनमुळेच.

पानावर खाली एक चौकोन होता. त्यात तो तुकडा टाकायचा आणि बटण दाबायचं. मग ते यंत्र जगातल्या सगळ्या जिवांचे आजवर वाचलेले मजकूर चाळतं आणि सांगतं, असाच तुकडा आणखी कुणाकुणाकडं आहे, किती जुळतो, म्हणजे कोण कुणाच्या किती जवळचं. मी बटण दाबलं. लाइन तुटली. "जैसे थे!"

तर असा मी इस्त्रीचा शर्ट घालून आठवड्यातून दोनदा-तीनदा सांगलीला जायला लागलो. याचा व्हायचा तो परिणाम झाला. एका सकाळी सुलाबाई कुंपणाशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नगा. बनाबाईला जाऊन वरीस झालं. सांगलीची बाई हाय व्हय?"

मी हादरलो. कॉलनीनं माझं दुसरं लग्न ठरवून टाकलं होतं. बाई नर्स आहे इथपर्यंत तपशील ठरला होता. अब्रू वाचवायला मी सुलाबाईंना खरं ते सांगायला लागलो. अक्षरं सांगितली, चौकोन सांगितला. त्यांचा चेहरा कोराच. तेव्हा मी त्यांना कळेल असं म्हणून बोलून गेलो, "अहो, पाव्हणं काढायचं यंत्र आहे ते. एवढासा तुकडा दिला की कुणाची भावकी कुठं आहे ते सांगतं."

आमच्या भागात दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली तरी उतरायच्या आत पाव्हणं काढतात. तुमची मावशी कुठं दिली, आमची आत्या तिथंच, मग काय आपण घरचेच. ज्याला पाव्हणं काढता येत नाहीत तो माणूस आमच्याकडे नीट वाढवलेला नाही असं समजतात. तेच काम करणारं यंत्र सांगलीत आलंय, ही बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरात माणसं आली. कुणाला फौजेत गेलेल्या चुलत्याची शाखा शोधायची होती, कुणाला कर्नाटकात गेलेलं घराणं. मी सगळ्यांना चहा केला. बनाबाईच्या चांगल्या कपबश्या वर्षभर कपाटात होत्या, त्या काढल्या. प्रत्येकाला समजावत होतो की हे असलं ते यंत्र करत नाही. पण समजावताना, खरं सांगायचं तर, मी घाई करत नव्हतो.

आणि मग खुद्द सयाजीराव आले. आमचे सयाजीराव उसाचे मोठे बागायतदार, मनानं वाईट नाहीत. पण इतक्या वर्षांत माझ्याशी बोलायचे ते फाटकापाशी उभं राहून. बनाबाईनं चहाला बोलावलं की "आत्ताच झाला" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी ते आत आले आणि बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले.

"होवाळसायेब, नड हाय. आमच्या ऋषिराजला पलूसचं स्थळ आलंय. पोरगी शिवांजली, लय गुणाची. पर तिची आजी कवठे महांकाळची, आन माजी आजी बी थितलीच. म्हायेरचं आडनाव बी एकच. भावकी निघाली तर पोरं भैन-भाऊ लागत्यात. सांगनारी जुनी मानसं समदी गेली. तुमच्या मशीनला इचारा."

"सयाजीराव, त्याला नावं चालत नाहीत हो. आतला मजकूर लागतो, रक्तातला."

"मग आमी सोता येतो की. रक्त काय घरी ठिऊन येतोय व्हय?"

इथं मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण सयाजीरावांनी बशीतला चहा संपवला आणि कप पुढं केला, "अजून घोटभर असला तर द्या." बनाबाई हे बघायला हवी होती. मी आत जाऊन चहा ओतला आणि काही बोललो नाही.

जीपमधून आम्ही सांगलीला गेलो. मुलीकडून तिचे चुलते हरिबा आले होते, गुलाबी फेटा, मिश्यांना पीळ. लालासाहेबांनी वऱ्हाड बघून सगळ्यांना खुर्च्या मांडल्या. मी म्हटलं आधी आम्रपालीचा तुकडा दाखवू, म्हणजे यांना समजेल की हे प्रकरण वेगळंच आहे. तुकडा चौकोनात टाकला, बटण दाबलं, आणि नेमकी त्या दिवशी लाइन टिकली. उत्तर आलं. केवढी मोठी यादी! लालासाहेब मोठ्यानं वाचायला लागले, "माणूस! उंदीर! माशी! बेडूक!"

हरिबा पुढं सरकले. "जंताचं पाव्हणं मानूस?"

"हो," मी म्हणालो. "फार जुनं नातं आहे."

"आईकडनं का बाकडनं?"

"दोन्हीकडून," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"आता आमचं टाका," सयाजीराव म्हणाले. मी लालासाहेबांच्या कानात म्हणालो, अहो, हे होत नाही, तो नुसता मूर्खपणा होईल. ते कुजबुजले, "साहेब, कस्टमर है." आणि त्यांनी इंग्रजीत सयाजीरावांचं, हरिबांचं नाव, दोन्ही आज्यांची नावं आणि कवठे महांकाळ असं सगळं त्या चौकोनात ठोकून दिलं. यंत्र बिचारं ते कसल्या तरी जिवाचा मजकूर समजून साऱ्या जगात हिंडून आलं. लालासाहेब उत्तर वाचायला उठून उभे राहिले.

"साऱ्या दुनियेत कुठंही, कुणाशीही जुळत नाही. निल!"

हरिबांनी मांडीवर थाप मारली. "सुटलो रं गड्या! भावकी न्हाई! लावा लगीन!"

सयाजीराव मात्र हसले नाहीत. "थांबा. साऱ्या दुनियेत न्हाई?"

"निल," लालासाहेब म्हणाले.

"आवं, शहाण्णव कुळी मानसं आमी. त्या जंताला मानूस, उंदीर, बेडूक, एवढी भावकी. आन आमाला जगात एक बी पाव्हना न्हाई? आमी काय बेवारशी?"

मी त्यांची समजूत घालायला गेलो आणि तिथंच चुकलं. म्हणालो, "सयाजीराव, मनावर घेऊ नका. त्याला गाव, आडनाव, कुळी यातलं काही कळत नाही. त्याच्यापुढं तुम्ही, मी, हरिबा, सगळे एकच. हजार अक्षरांत एखाद्याचा फरक."

"एकच?" सयाजीराव माझ्याकडं बघत म्हणाले.

"एकच."

"मंग समदेच पाव्हणं झालं की!" हरिबा म्हणाले. "आता लगीन तरी कुनाशी लावायचं?" आणि ते एकटेच खदाखदा हसले. सयाजीराव उठून जीपकडं गेले. मी बाहेर आलो तोवर जीप हलली होती. हरिबांनी मागून हात केला, तेवढंच.

मी एसटीनं परत आलो. शेजारी एक बाई बसली होती, तिनं विचारलं, "कुठलं पाव्हणं?" मी म्हणालो, इस्लामपूरचा. पुढं काही बोललो नाही आणि तीही खिडकीकडं वळली. त्या चौकोनात आज माझं नाव घातलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं, हे मनातून जात नव्हतं.

सोयरीक ठरली. साखर वाटली गेली ती आमचं घर सोडून. सयाजीराव आता फाटकापाशीही थांबेनात, आणि ते थांबेनात म्हणून बाकीचेही थांबेनात. कपबश्या मी धुऊन पुसून परत कपाटात ठेवल्या.

पहिला रविवार आला. दुपारी बाराच्या सुमाराला सुलाबाई मागल्या दारानं आल्या आणि झाकलेलं ताट ओट्यावर ठेवलं. भरलं वांगं, भाकरी, वर साखरेची पुडी. "रागावल्यात ते. मी न्हाई रागावली. ग्वाड करा तोंड," म्हणाल्या आणि कुणी बघायच्या आत गेल्या. मला भूक होती, पण फोन व्हायच्या आधी घास उतरेना. मी प्रश्न पाठ करत बसलो. घंटा वाजली आणि एकूण एक प्रश्न विसरलो.

"जेवलीस का?" तोंड आपलं आपण बोललं.

"हो. तुम्ही?"

"हो."

खरखर. "पाऊस आहे का आबा?"

"नाही."

"बरं. मग ठेवू?"

"आम्रपाली," मी म्हणालो, "तुझ्या जंताच्या तुकड्याला माणसात पाव्हणं निघालं."

"काय?"

"माणूस, उंदीर, बेडूक. दोन्हीकडून. मी बघितलं. सांगलीला, एसटी स्टँडमागं. खाली तुझं नाव होतं. ए. डी. होवाळ."

तिकडून काहीच येईना. लाइन तुटली असं वाटून मी सावधानमध्ये बसलो.

"डी दिसला तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज बदललेला होता.

"दिसला की."

मग मी तिला सगळं सांगितलं. गोळ्या, नर्सबाई, लालासाहेब, हरिबांचं ‘आईकडनं का बाकडनं’. ती हसायला लागली, थांबेचना. तिचं फोनवरचं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं, ते बनाबाईच्या वाट्याचं होतं. हसून झाल्यावर मला माझा प्रश्न आठवला. "पण हा तुकडा करतो काय गं?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "गंमत आहे आबा. हे जंत एकाच बशीत ठेवले, मुबलक खायला दिलं, तरी काही जंत एकेकटे लांब जाऊन खातात आणि काही घोळका करून, पंगतीसारखे. दोघांच्या त्या तुकड्यात एका अक्षराचा फरक असतो. फक्त एका."

"एकटे खातात ते उपाशी राहतात?"

"नाही. पोटभर खातात."

"मग त्यांना कळतं का, की आपण एकटे आहोत?"

"ते अजून आम्हाला काढता आलेलं नाही."

मी ओट्यावरच्या ताटाकडं बघितलं. "आम्रपाली, खरं सांग. जेवलीस का?"

"नाही. इथं सकाळ आहे. पाव आहे हातात. रोज उभ्यानंच खाते." मग म्हणाली, "तुम्ही?"

"मी पण नाही."

फोनची वायर ओट्यापर्यंत पोचत नाही. मी तिला थांब म्हणालो, ताट उचलून फोनपाशी आणलं आणि खाली मांडी घातली. "तू पण बस. उभ्यानं खाऊ नये."

"बसले आबा. काय आहे ताटात?"

"सुलाबाईंचं भरलं वांगं."

"वा! पुढच्या रविवारी जरा उशिरा करते हं फोन. मी भात लावीन."

"हरकत नाही," मी म्हणालो.

मी भाकरी मोडली. तिकडं पाव चावल्याचा आवाज येत होता. त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.